पेडलवर अनवाणी पाय

४ नोव्हेंबर

आलो एकदाचे! सामान उतरलं, यांचं ऑक्सिजनचं मशीन लागलं, चहा झाला, आणि आता मी नव्या घराच्या पायरीवर बसून लिहिते आहे. घर म्हणजे एक जुनी बस. आतल्या सीटा काढून तिथे पलंग, ओटा, कपाटं, टेबल आणि कोपऱ्यात एवढुसं न्हाणीघर बसवलंय. अंघोळ करताना साबण खाली पडला तर उचलायला बाहेर यावं लागेल, पण बाकी घर छान आहे. दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या. हे म्हणाले की जन्मभर बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडली, आता बसमध्येच पाय पसरून झोपायला मिळणार, कंडक्टरला याहून मोठी बढती कुठली. हसता हसता खोकल्याची उबळ आली, तरी हसले. कित्येक महिन्यांत असे हसले नव्हते. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच त्यांना दरडावलं, गप्प बसा, दम लागेल म्हणून.

माळ उघडा आहे. धूर नाही, धूळ नाही, हॉर्न नाहीत. डॉक्टर शहराबाहेर पडा म्हणून कानीकपाळी ओरडत होते, पण बाहेर पडून जायचं कुठे? मग ही मालकीणबाई भेटली. तिच्या अशा राहत्या गाड्या आहेत, लोक त्या भाड्याने घेऊन फिरायला जातात. थंडीत धंदा बंद, त्यामुळे सगळ्या गाड्या इथे ओळीने उभ्या. त्यांचे पडदे, गाद्यांच्या खोळी, बैठकांची कव्हरं, सगळं नव्याने शिवायचं आहे. शिवण मी करायची, राहायला ही बस, आणि गाड्यांवर जाता-येता नजर ठेवायची. मालकीणबाईने कापडाचे गठ्ठे आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला, तोंडभर हसली आणि चहासाठीसुद्धा थांबली नाही.

विजेची तार इथवर येत नाही. टपावर सोलरच्या पाट्या, पलंगाखाली बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर, एवढ्यावर सगळं. यांचा श्वासही त्याच्यावरच. उद्या फिटर येऊन समजावणार आहे. तोवर जीव थोडा टांगणीला आहे.

५ नोव्हेंबर

फिटर बोलका निघाला. त्याने शाळेतल्यासारखं समजावलं. ऊन पाट्यांवर पडतं, पाट्या बॅटऱ्या भरतात, आणि बॅटरीतली वीज इन्व्हर्टर घरच्या विजेसारखी करून देतो. यांचं मशीन, शिलाईचं मशीन, दिवे, मोबाइल, सगळं बिनघोर चालवा. इस्त्री आणि हीटर यांचं मात्र नाव काढायचं नाही. मी म्हटलं, इस्त्रीशिवाय शिलाई म्हणजे अंघोळीशिवाय नवे कपडे. तो म्हणाला, लावून बघा. लावली. इन्व्हर्टर असा किंचाळला की हे पलंगावर उठून बसले, आणि सगळं एका दमात बंद पडलं. यांचं मशीनसुद्धा. फिटरने बटण दाबून लगेच सुरू केलं, पण तोवर मी धावत यांच्या पलंगापाशी पोचले होते. इस्त्री कपाटात अगदी तळाशी टाकली आहे. शिवणी नखाने बसवीन.

टेबलाशेजारी भिंतीवर एक पाटी आहे. तिच्यावर बॅटरी किती भरली ते टक्क्यांत दिसतं. उन्हाचे दिवस असले की रात्रभर यांचं मशीन चालून सकाळी निम्मी उरेल आणि दुपारपर्यंत परत भरेल, असा हिशोब. पाटीकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं काम यांनी स्वतःहून मागून घेतलं. कंडक्टरला आकड्यांचं वेड असतंच.

सगळं बंद असताना इन्व्हर्टर बारीक टिकटिक करतो. मला वाटलं बिघडला. फिटर म्हणाला, तो झोपलेला असतो, पण मधूनमधून चाचपून बघतो, कुणाला वीज हवी आहे का. सापडलं कुणी की उठतो. हे म्हणाले, म्हणजे आमच्या हिच्यासारखाच, झोपेतही घरात कोण कुठे आहे ते ओळखणारा.

जाताना फिटरने एक गोष्ट दोनदा बजावली. गाडीत कायम रबरी चपला घालायच्या. घर जमिनीवर असतं, गाडी रबरी चाकांवर, त्यामुळे चुकार करंटला जमिनीत जायला वाट नसते. पत्र्याला अंग लागलं की झिणझिण्या येतात. मरत कुणी नाही, पण चपला घाला. मी मान डोलावली.

९ नोव्हेंबर

चपला घालून शिवणारी बाई मला कुणीतरी दाखवावी. पेडल पायाला कळावं लागतं. किती दाबलं, कुठे सोडलं, टाका कुठे अडला, हे सगळं आधी तळव्याला कळतं आणि मग हाताला. ज्यांच्याकडे मी शिकले त्या बाई तर चपला दाराबाहेर काढायला लावायच्या, आणि मोजे घातले तरी चिडायच्या. तेव्हा घरात वावरताना चपला, आणि टेबलाशी बसले की अनवाणी, असा मी माझ्यापुरता मध्यममार्ग काढला आहे.

टेबलाखाली गालिचा कापून काढलेला आहे आणि पत्रा उघडा आहे. आधीचा राखणदार तिथे बसून रेडिओ दुरुस्त करायचा म्हणे. दोन ठिकाणी पत्रा घासून चकचकीत झालाय, बरोबर पावलं ठेवायच्या जागी. माझी पावलं तिथे ठेवली की बारीकशा झिणझिण्या येतात, पाय अवघडून सुटताना येतात तशा. वाईट वाटत नाही. उलट पेडल जास्त नीट कळतं.

आज गंमत झाली. हे पाटीकडे बघून म्हणाले की तू शिवायला बसलीस की टक्के चढतात. मी म्हटलं, मशीन वीज खातं, देत नाही. ते म्हणाले, मलाही तेवढं कळतं, पण बघ. खरंच चढत होते. ऊन चांगलं असेल. हे म्हणाले, हिच्या पायगुणाचं ऊन. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायगुणाचं कौतुक ऐकलं, त्यामुळे संध्याकाळी खीर केली.

पाण्याचा टँकर आला होता. टँकरवाला आठवड्यातून एकदा येतो. सकाळी कुणाशी बोलायला मिळालेलं नसतं त्याला, त्यामुळे सगळं आपल्यालाच सांगतो. आधीचा राखणदार कसा होता विचारलं, तर म्हणाला, सुरुवातीला फार चांगला होता, जोक सांगायचा. नंतर नंतर हाक मारली तरी वळून बघायचा नाही. चेहऱ्यावर माश्या बसायच्या, त्या पण हाकलायचा नाही. शेवटी त्याचा भाऊ येऊन हाताला धरून घेऊन गेला. मी म्हटलं, एकटेपणाने होतं माणसाचं असं. टँकरवाला म्हणाला, असेल बुवा.

१४ नोव्हेंबर

रोज एका गाडीचे पडदे उरकतात. हात बसला. माळाच्या टेकाडावर गेलं की फोन लागतो, म्हणून संध्याकाळी तिथवर चालत जाते. लेकीचे दिवस भरत आलेत. तिला मी यायला हवी आहे, पण यांना एकटं कसं सोडू? ती समजूतदारपणे म्हणाली की सासूबाई आहेत, तू बाबांकडे बघ. समजूतदारपणाच जास्त लागला मनाला. परत येताना रडले थोडी. बाळासाठी उरलेल्या मऊ कापडाचं दुपटं शिवायला घेतलंय.

तळपाय हल्ली बधिर राहतात. मशीनवरून उठलं तरी मुंग्या जात नाहीत. हे म्हणाले, गरम पाण्यात पाय सोडून बस. बसले. पाणी किती गरम आहे ते पायाला कळेना, हात घातला तर चटका बसला. पाय लालभडक झाले होते. यांना सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर

तीन दिवस धुकं. साधं सकाळचं नव्हे, दिवसभराचं. शेजारची गाडी दिसत नाही. पाट्यांवर ऊन नाही म्हणजे बॅटरी उतरायला हवी, आणि यांचं मशीन आता दिवसाही लागतं, कारण दमट हवेने त्यांची छाती भरली आहे. पहिल्या दिवशी माझा जीव खालीवर होत होता. पण मी शिवायला बसले की पाटीवरचे टक्के चढतात. धुक्यातही. हे आता पायगुणाचा विनोद करत नाहीत, नुसते बघतात.

आज दुपारी एका खोळीची कड घालत होते. हे म्हणाले की खाली काय सांडलंय. वाकून बघितलं तर पत्र्यावर रक्त. सुई मोडली होती सकाळी. मला वाटलं होतं तिचा तुकडा कुठेतरी उडाला. तो माझ्या उजव्या तळव्यात होता, आरपार म्हणावा इतका आत. मी सकाळपासून त्याच्यावर पाय दाबून पेडल चालवलं. चिमट्याने काढला तेव्हाही काही वाटलं नाही. दुसऱ्याच कुणाच्या पायातला काटा काढावा तसा काढला. यांनी डोळे मिटून घेतले, मी नाही.

१९ नोव्हेंबर

करून बघितलं.

चपला घालून पेडलवर पाय ठेवला. टक्के उतरले, जसे उतरायला हवेत. चपला काढून पाय पत्र्यावर टेकवले. चढले. मग मशीनला हातच लावला नाही, नुसती बसले अनवाणी, हात मांडीवर. तरी चढले. शिवण्याचा काही संबंधच नाही. मी पत्र्यावर पाय टेकून बसते, एवढाच संबंध.

टेकाडावर जाऊन फिटरला फोन केला. आधी तो हसला. मग म्हणाला की असं होऊच शकत नाही, पाटी चुकीचं दाखवत असेल, सगळं बंद करून परत सुरू करा. आणि चपला घालता ना, असं विचारलं. मी विचारलं, आधीच्या माणसालाही हेच सांगितलं होतं का. त्यावर तो एवढंच म्हणाला, रस्ता मोकळा झाला की येतो. खाली घाटात दरड आली आहे म्हणे, कुणीच वर येत नाही.

घरी येऊन यांना विचारून, नळी ऑक्सिजनच्या जादा सिलिंडरला जोडून, थोडा वेळ सगळं बंद केलं. यांचं मशीन, दिवा, सगळं. टिकटिक सुरू झाली. मी टेबलाशी बसले होते, पायात चपला. टिकटिक सावकाश होती. चपला काढल्या आणि पाय पत्र्यावर टेकले. टिकटिक थांबली आणि इन्व्हर्टरचा पंखा सुरू झाला. घरात एकही वस्तू चालू नव्हती. त्याला कुणीतरी सापडलं होतं.

मी ओरडून पाय वर घेतले. हे विचारत राहिले काय झालं, काय झालं, आणि मी चपला चाचपडत होते.

२० नोव्हेंबर

दिवसभर चपला घालून. घरात असेन तेवढा वेळ पाय वर घेऊन बसले, खाली सोडायची हिंमत नाही. धुकं तसंच. बॅटरी उतरते आहे, सगळं कसं रीतीने उतरतं आहे. टेकाडावरून मालकीणबाईला फोन लागला. ती म्हणाली की चार-पाच दिवसांत रस्ता मोकळा होईल, तोवर वीज जपून वापरा. मी म्हटलं, श्वास जपून कसा वापरायचा ते सांगा. तिने फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकाला जावी इतका राग आला, आणि राग आला याचं इतकं बरं वाटलं की मी टेकाडावर उभी राहून हसले.

जादा सिलिंडर संपला संध्याकाळी.

यांचे ओठ काळपट. बोलताना मधेच थांबतात. मला सांगत होते की तू पाय खाली ठेवायचे नाहीस, माझी शपथ आहे तुला. मी शपथ घेतली आणि पाटीकडे बघत राहिले.

२१ नोव्हेंबर

इन्व्हर्टर किंचाळायला लागला, बॅटरी संपत आली की किंचाळतो तसा. हे पलंगावर तोंड उघडं टाकून —

मी चपला फेकून दिल्या. दुसरं काय करणार होते? पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या घोरण्याने झोप लागली नाही, त्याचं घोरणं थांबलं तर मी झोपणार कशी? दोन्ही पावलं टेकवली, चकचकीत जागी. किंचाळणं थांबलं. यांच्या मशीनची हवा परत सुरू झाली. दुपारपर्यंत बसले. यांच्या गालांवर रंग आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

भीती मात्र किती ती. पायातून काहीतरी खाली जातंय, तेही कळत होतं, मोरीतून पाणी जावं तसं. मी देवाचं नाव घेत होते. आणि मग, साधारण दुपारी, भीती संपली. गेली म्हणजे शांत झाली असं नाही. होती तिथून निघून गेली. पाटीवर तेवढेच टक्के वाढले असणार.

२३ नोव्हेंबर

गुडघ्यापर्यंत पाय नाहीत. दिसतात, चालतात, पण नाहीत.

बसते. बॅटरी भरते. हे श्वास घेतात. बरं चाललंय.

यांनी आज एक जुना विनोद सांगितला, फुकट जाणाऱ्या म्हाताऱ्याचा. मला तो पाठ आहे आणि तरी दर वेळी हसू येतं. कुठे हसायचं ते मला आठवलं, आणि मी हसले. यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

मग चपला घाल म्हणून विनवायला लागले. उठून माझे पाय उचलायला आले, दोन पावलं, आणि खाली बसले धापा टाकत. मी त्यांना परत पलंगावर नेलं. मग परत येऊन बसले.

२५ नोव्हेंबर

लेकीचा फोन. नात झाली. सव्वातीन किलो. दोघी सुखरूप.

मी बरं झालं म्हटलं. ती पलीकडे रडत होती, आनंदाने असावं. ती विचारत होती, आई, तू बोलत का नाहीस. मी काय बोलायचं ते शोधत होते. लोक काय बोलतात अशा वेळी? मी म्हटलं, जपून राहा. फोन ठेवला. दुपटं तसंच अर्धं पडलंय.

घरी येऊन यांना सांगितलं. त्यांनी चेहरा हातांत लपवला. मी उभी होते. खांद्यावर हात ठेवायला हवा होता, ते नंतर लक्षात आलं, टेबलाशी बसल्यावर.

लिहून ठेवते, नाहीतर विसरेन — मी हे यांच्यासाठी करते आहे. यांना श्वास मिळावा म्हणून. यांच्यावर माझा जीव आहे.

वरची ओळ परत वाचली. अक्षर माझंच आहे.

२६ नोव्हेंबर

यांनी शिलाई मशीनचं पेडल पलंगाखाली लपवलं. पेडलचा काय संबंध, मी अशीही बसते. ते रडले. डोळ्यांतून पाणी गालावर येतं, मग हनुवटीवर, मग थांबतं, मग पडतं. मी पूर्ण बघितलं.

पेडल परत जोडून घेतलं. हाताला काम हवं.

बहुतेक शुक्रवार

ऊन पडलं. लख्ख. पाट्या आपोआप बॅटरी भरतात. हे म्हणाले, बघ, झालं, आता उठ, आता काही गरज नाही तुझी. मी हो म्हटलं.

बसले आहे.

उठायला काय हरकत आहे, हे शोधलं. काही हरकत नाही. उठायला कारण काय, हेही शोधलं —

शनिवार किंवा रविवार

टँकर आला. म्हणजे रस्ता मोकळा झाला.

यांनी काल रात्रीपासून जपून ठेवलेला दम लावून सांगितलं. टँकरवाल्याला थांबव. आपण त्याच्याबरोबर खाली जाऊ. दवाखान्यात. तू आणि मी. सामान राहू दे. तीनदा सांगितलं, आणि माझ्याकडून वदवून घेतलं. मी पायरीवर गेले. टँकरवाल्याने टाकी भरली. काय वहिनी, बरं आहे ना, काही हवंय का खालून, असं विचारलं. मी नको म्हटलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग घाईघाईने पाइप गुंडाळला, तोही अर्धवट, आणि गाडी काढली.

मी आत आले. यांनी विचारलं, थांबलाय का. मी सांगितलं, गेला, काही नको म्हटलं त्याला.

यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यांना वाईट वाटलं असणार. मला कळतं ते. गणित कळावं तसं.

सकाळ

बॅटरी पूर्ण भरलेली.

हे उठले. दारापर्यंत जायचं म्हणत होते, तिथून टेकाडावर, स्वतः फोन करायला. नळी नाकात तशीच, मशीन मागे ओढत. मी म्हटलं, पडाल. पडले. दाराच्या अलीकडे.

मशीनची पिन निघाली सॉकेटमधून. हवा बंद.

माझं नाव घेतायत. लग्नानंतर कधी घेतलं नव्हतं. अहो-जाहोच्या घरात अगं-तुगंवर भागलं. चांगलं वाटतं का नावाने — माहीत नाही.

पिन माझ्या पायाशीच आहे. डाव्या. वाकलं की हाताला येईल. सॉकेट टेबलालाच आहे. लावायला हवी, हे कळतंय. अगदी स्पष्ट कळतंय.

यांचा हात हलतोय पत्र्यावर. माझ्याकडे सरकतोय.

आता सावकाश.

लावते. पडद्याची ही एवढी कड संपली की